जमिनीवरील तेलटाक्या : साठ्याचे नियम आणि गळतीला प्रतिबंध

पेट्रोल पंपावरील टाक्या सामान्यतः जमिनीखाली असतात. कारखान्यांचे बॉयलर, जनित्रे व रस्त्यांची कामे यांसाठी लागणारे तेल मात्र पुष्कळदा जमिनीवरील टाक्यांत साठविले जाते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा विषय पाण्याशीही निगडित आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात आणि सांडलेले तेल त्यांतून विहिरींपर्यंत झिरपू शकते.

तेलाचे तीन वर्ग

या साठ्याचे नियमन पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांन्वये होते. ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते, त्यावरून वर्ग ठरतात. २३ अंश सेल्सिअसखाली पेट घेणारे पेट्रोल ‘अ’ वर्गात, २३ ते ६५ अंशांदरम्यानचे डिझेल व रॉकेल ‘ब’ वर्गात, तर ६५ ते ९३ अंशांदरम्यानचे फर्नेस ऑइल ‘क’ वर्गात मोडते.

‘ब’ वर्गातील तेल एका ठिकाणी २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक पात्र १,००० लिटरपेक्षा मोठे नसल्यास विनापरवाना ठेवता येते. ‘क’ वर्गासाठी ही मर्यादा ४५,००० लिटर आहे. पेट्रोलबाबत मात्र विक्रीसाठी नसलेल्या ३० लिटरपर्यंतच सवलत मिळते. मोठ्या साठ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि ‘पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटने’चा परवाना लागतो. या संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

बांध आणि झडप

टाकी फुटली तरी तेल आवाराबाहेर जाऊ नये, यासाठी तिच्याभोवती अभेद्य बांध असावा लागतो. एका बांधात अनेक टाक्या असल्यास त्यांतील सर्वांत मोठ्या टाकीतील संपूर्ण तेल त्यात मावले पाहिजे.

पावसाळ्यात ही क्षमता नकळत घटते. उदाहरणार्थ, २०,००० लिटरच्या टाकीला २० घनमीटर जागा लागते. आतून ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व १ मीटर उंच बांधात ३० घनमीटर मावतात. त्यात ४० सेंटिमीटर पाणी साचले, तर १२ घनमीटर जागा जाऊन १८ घनमीटरच उरते. म्हणजेच बांध शाबूत असूनही तेल बाहेर पडणार. त्यामुळे पाणी वेळेवर काढणे आवश्यक ठरते. निचऱ्याची झडप बांधाबाहेर असावी व एरवी बंद असावी. पाण्यावर तेलाचा तवंग नाही याची खात्री करूनच ती उघडावी आणि निचरा संपेपर्यंत माणसाने तेथे थांबावे.

जयपूरचा धडा

२९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळील सीतापुरा येथील इंडियन ऑइलच्या तेलागारात पेट्रोलची गळती होऊन भीषण स्फोट व आग भडकली. या दुर्घटनेत ११ जणांचा बळी गेला. एम. बी. लाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली, तेव्हा बांधाची निचरा-झडप उघडी असल्याने पेट्रोल पावसाळी गटारात गेल्याचे आढळले. बांध होता, तथापि उघड्या झडपेमुळे त्याचा उपयोग झाला नाही.

गळती झाल्यास

गळती दिसताच तेलाचा पुरवठा थांबवावा, ठिणगी उडेल अशी यंत्रे व वाहने दूर ठेवावीत आणि सांडलेले तेल वाळू अथवा मातीने अडवावे. ते पाण्याने नाल्यात धुऊन काढू नये. आग वा स्फोटामुळे प्राणहानी, गंभीर इजा किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान झाल्यास जवळचे दंडाधिकारी किंवा पोलीस ठाणे, तसेच मुख्य स्फोटके नियंत्रक यांना तत्काळ कळविणे बंधनकारक आहे.

आग लागली नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. अपघाताने तेल नाल्यात, नदीत वा विहिरीत गेल्यास जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा, १९७४ च्या कलम ३१ अन्वये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्वरित माहिती द्यावी लागते. नवापूरची रंगावली असो वा शहाद्याची गोमाई, या नद्यांचे पाणी अखेर तापीलाच मिळते. काठावरील गावांना वेळीच सावध करता यावे, यासाठी ही सूचना महत्त्वाची ठरते.