गाजरगवत

सूर्यफुलाच्या कुलातील वर्षायू तण. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. काँग्रेस गवत आणि चटकचांदणी ही प्रचलित नावे. मूळ प्रदेश मेक्सिकोच्या आखाताभोवतालची उष्ण अमेरिका. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, खोड ताठ व रेघाळ, फुले बारीक, पांढरी. उंची साधारणपणे एक ते दीड मीटर.

भारतात हे तण प्रथम ठळकपणे नोंदले गेले ते पुण्यात, १९५५ मध्ये. अमेरिकेच्या गव्हातून बी आले असे मानतात आणि दोष पीएल-४८० या योजनेला देतात. मात्र भारताने त्याखालचा करार केला १९५६ मध्ये. म्हणजे बी गव्हातूनच आले असेल तर ते त्याआधीच्या आयातीतून. आज ते देशभर पडीक रान, बांध, रस्त्याच्या कडा आणि उभी पिके अशा सर्व ठिकाणी आढळते.

मोठ्या झाडाला १०,००० हून अधिक बिया येतात. बी अतिशय हलके असते. वारा, पाटाचे पाणी, मुरूम-वाळूचे ट्रक आणि अर्धवट कुजलेले शेणखत यांतून ते शेतोशेती पोचते. ओल मिळाली की कोणत्याही ऋतूत उगवते आणि महिना-सव्वा महिन्यात फुलू लागते. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या रोपांची उगवण व वाढ रोखते. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. वैरणीतून पोटात गेलेच तर दूध कडवट होते. माणसांना त्वचेवर खाज, पुरळ व इसब होतो, परागकणांनी सर्दी व दमा बळावतो. खुरपणाऱ्या बायकांना हातमोजे पुरवणे ही शेतमालकाची जबाबदारी मानली पाहिजे.

नियंत्रणाचे सारे गणित फुलोऱ्यावर आहे. पावसाने माती मऊ असताना, फुले येण्याआधी, मुळासकट उपटणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. वरून कापल्यास बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. फुलल्यावर उपटून बांधावर टाकले, तर बी तिथेच झडते. बिनफुलाचे तण वाया घालवू नये: पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेल्या नाडेप टाक्यात त्याचे चांगले खत होते. पडीक जागी टाकळ्याचे बी पावसाआधी फेकले, तर तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो. कोवळा टाकळा भाजीलाही चालतो.

जैविक उपाय म्हणजे मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा बायकोलोराटा. तो १९८३ च्या सुमारास बंगळूरला आणला गेला आणि १९८४ पासून रानात सोडण्यात आला. भुंगा आणि अळी दोन्ही पाने खातात. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याने शेतकरी धास्तावले होते. तपासणीनंतर त्याचा वापर पुन्हा सुरू झाला. त्याची मर्यादा वेगळीच आहे. पावसाळ्यात तो जोमाने खातो आणि थंडी-कोरड्या दिवसांत जमिनीत सुप्त पडून राहतो. त्या काळात पाण्याच्या आधाराने उगवलेले गाजरगवत निर्धास्त वाढते. ज्या जागी भुंगे दिसतात, तिथे फवारणी टाळावी.

तणनाशके शेवटी. पडीक जागी मेट्रिब्युझिन वापरल्यास गवते बहुधा वाचतात. ग्लायफोसेट मात्र हिरवे ते सारे मारते. टू-फोर-डी कापसाजवळ फवारू नये, वाऱ्यावर आलेल्या थोड्याशा तुषारांनीही कपाशीची पाने विकृत होतात.

एकट्याने आपले शेत साफ ठेवून भागत नाही. गायरान, शाळेचे आवार व रस्त्याच्या कडा ग्रामपंचायतीने एकाच वेळी हाती घ्याव्यात, आणि मातीत बी बरीच वर्षे टिकत असल्याने दरवर्षी घ्याव्यात. जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशभर १६ ते २२ ऑगस्टला जागृती सप्ताह पाळला जातो. मृगाच्या पावसावर उगवलेले तण तोवर फुललेले असते. महाराष्ट्रातील गावांनी पहिली उपटणी आषाढातच उरकावी.