भट्टीकडे जाणारी वाट : वऱ्हाडातील मद्य, रस्ते आणि परवाने

१/ अकोल्याची किंवा अमरावतीची दहा-बारा मंडळी नाशिकला वा गोव्याला ‘टेस्टिंग’साठी जायचे ठरवतात, तेव्हा पहिला प्रश्न मद्याचा नसतो, गाडीचा असतो. गाडी कोणती, चालक कोण, परतायचे कसे? प्रश्न आजचा वाटतो. पण वऱ्हाडातील मद्याचा इतिहास त्याच्याच भोवती फिरला आहे. पिणाऱ्याने मद्याकडे जायचे की मद्याने पिणाऱ्याकडे यायचे, आणि त्या वाटेवर पास कोणी कोणाला मागायचा? आजचा धागा या वाटेविषयी.

२/ सुरुवात मेळघाटापासून करू. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या या भागात, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटेच्या सुमारास गळतात. कोरकू कुटुंबे झाडाखालची जमीन झाडून ठेवतात आणि उजाडता उजाडता टोपल्या भरतात. वाळवलेले फूल वर्षभर टिकते. ते खाण्यात येते, गुरांना घालता येते, बाजारात विकता येते आणि त्यात भरपूर साखर असल्याने त्यापासून मद्यही गाळता येते.

३/ गाळण्याची रीत साधी आहे. फुले पाण्यात भिजवून आंबवायची, मडक्यात घालून चुलीवर चढवायची, निघणारी वाफ नळीवाटे दुसऱ्या, थंड ठेवलेल्या भांड्यात न्यायची. प्रथम उतरते ते सर्वांत कडक. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. या व्यवस्थेत वाहतुकीचा प्रश्न नव्हता. झाड, चूल आणि पिणारा एकाच शिवारात असत. सणाला, लग्नाला, मयताला लागेल तेवढे गाळले जाई.

४/ मग महसूल आला. ‘आबकारी’ हा शब्द फारसीतला. ‘आब’ म्हणजे पाणी. वऱ्हाड निजामाच्या राज्यात असताना मद्यावरचा कर गोळा करण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई. दख्खनेत अशा मक्त्याला ‘गुत्ता’ म्हणत. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. ‘दारूचा गुत्ता’ म्हणजे मुळात दारूचे कंत्राट. पुढे कंत्राट विस्मृतीत गेले आणि तो शब्द पिण्याच्या जागेलाच चिकटला. एका शब्दात करपद्धतीचा इतिहास असा जपला गेला आहे.

५/ १८५३च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार ब्रिटिशांकडे आला. १९०२ साली तो कायम भाडेपट्ट्याने घेऊन १९०३ साली मध्यप्रांतास जोडण्यात आला. या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात मद्यकराच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. पहिलीत मक्तेदार ठरीव रक्कम भरून नेमलेल्या जागी भट्टी लावी आणि आसपासच्या गावांना विके. किती गाळले याची मोजदाद सरकार करीत नसे. अशा ठिकाणी गिऱ्हाईक पायी भट्टीपर्यंत जाई.

६/ दुसरी पद्धत मध्यवर्ती भट्टीची. गावोगावच्या भट्ट्या बंद करायच्या, गाळप एका आवारात आणायचे, फाटकावर मद्य मोजायचे, त्याची तीव्रता हायड्रोमीटरने तपासायची आणि गॅलनमागे कर घेऊनच पिंप बाहेर सोडायचे. १९०५-०६च्या भारतीय आबकारी समितीने याच दिशेचा, म्हणजे एका कंत्राटदाराकडून मोजून पुरवठा करण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. पूर्वी कडकपणा जिभेवरून ठरे. आता तो यंत्र सांगू लागले.

७/ या बदलाचा गाभा वाहतुकीत होता. पूर्वी माणूस भट्टीकडे जाई. आता भट्टी दूर गेली आणि मद्य दुकानाकडे येऊ लागले. त्यासाठी रस्ते, बैलगाड्या, पिंपे आणि मुख्य म्हणजे पास लागला. पास नसलेले मद्य चोरटे ठरले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग १८६७पर्यंत पुरा झाला होता. अकोला व बडनेरा त्याच मार्गावर आहेत. तो मुख्यतः कापसासाठी आखला गेला. पण ज्या स्थानकांवरून कापूस बाहेर जाई, त्याच स्थानकांवर बाहेरचा माल उतरू लागला.

८/ या हिशेबात एक माणूस कुठेच बसत नव्हता : स्वतःच्या चुलीवर स्वतःपुरते गाळणारा कोरकू. त्याच्या मडक्याला फाटक नव्हते आणि पासही नव्हता. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे-कुलाबा भागात ती बाळगण्यावरही बंधने आली. मद्य तर दूरच, झाडाखाली पडलेले फूल हाच संशयाचा विषय झाला. जे काल अन्न होते, ते आज पुरावा ठरले.

९/ येथे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ‘आमचे मद्य, आमची परंपरा’ एवढे म्हणून इतिहास पुरा होत नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. आपण त्यांना संत गाडगेबाबा म्हणून ओळखतो. त्यांचे वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी अकाली वारले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी माहेरी गेल्या. वऱ्हाडातील एका घराची ही मोडतोड कोणत्याही आबकारी हिशेबात लिहिलेली सापडणार नाही.

१०/ डेबूजींच्या घरी मुलीचे बारसे होते. रीतीप्रमाणे जातगोताला मटण आणि दारूचे जेवण देणे अपेक्षित होते. त्यांनी गोड जेवण वाढले. आप्त नाराज झाले. हा प्रसंग गाडगेबाबांच्या चरित्रांत नेहमी येतो आणि त्याचे कारण उघड आहे. सामुदायिक पिण्याला नकार देणे हे एकट्याने दारू सोडण्यापेक्षा अवघड असते. पंगतीचा दबाव मोठा. पुढे त्यांच्या कीर्तनांत कर्ज काढून सण करणे आणि दारू पिणे, या दोहोंवर एकाच दमात कोरडे ओढले जात.

११/ सामुदायिक प्रवासाचा विचार गाडगेबाबांइतका फार थोड्या लोकांनी केला असेल. वऱ्हाडातून समूहाने निघायचे ते जत्रेला किंवा पंढरीला. अशा लोकांनी रात्री उतरायचे कोठे, हा प्रश्न त्यांनी उचलला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. स्वतः ते आयुष्यभर फिरत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधनही प्रवासातच, अमरावतीजवळ वलगावनजीक, मोटारीत झाले.

१२/ कायद्याच्या वाटेने दारूबंदी आली ती टप्प्याटप्प्याने. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाड दारूबंदी कायदा झाला आणि निवडक भागांपासून अंमल सुरू करण्याचे धोरण ठरले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली तो कायदा इकडेही लागू करण्यात आला. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले, १९७३च्या नियमांनी देशी दारूची दुकाने अधिकृत झाली. मूळ कायदा मात्र आजही दारूबंदीचाच आहे. म्हणून पिणाऱ्याला परवाना लागतो, मग तो एका दिवसाचा का असेना.

१३/ आणि मोहाचे फूल? ते गोळा करणे, साठवणे व वाहून नेणे यांवरचे निर्बंध महाराष्ट्राने २०२१ साली उठवले. १९९६च्या पेसा कायद्याने धारणी-चिखलदऱ्यासारख्या अनुसूचित क्षेत्रांत गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली आणि मद्यविक्रीला बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकारही तिलाच दिला. हे दोन्ही अधिकार एकत्र वाचावेत. फूल आमचे, हे म्हणणारे गावच गुत्ता नको, असेही म्हणू शकते.

१४/ आता चक्र उलटे फिरले आहे. शंभर वर्षे मद्य पिणाऱ्याकडे येत होते. आता पिणारा पुन्हा उगमाकडे निघाला आहे, पण पायी नव्हे. नाशिकच्या सुला व्हिनयार्ड्सने २००५ साली टेस्टिंग रूम सुरू केली. (तिथे द्राक्षे आंबवून वाइन होते. गाळप होत नाही, म्हणून ती ‘डिस्टिलरी’ नव्हे.) खरी भट्टी पाहायची तर गोव्यात. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. झाडावरून पडलेले बोंड, आंबवण, चूल, धार : मेळघाटातल्या मडक्याची ही सख्खी बहीण. एकीच्या नशिबी मानांकन आले, दुसरीच्या नशिबी मुद्देमालाचा पंचनामा.

१५/ वऱ्हाडातून अशा सहलीची आखणी करताना जुना नकाशा पुन्हा समोर येतो. अकोला, बडनेरा आणि नाशिक रोड एकाच लोहमार्गावर आहेत. कापूस मुंबईला नेणारी हीच वाट. स्थानकापासून पुढे भाड्याची गाडी. मोठा गट असेल तर एसटी ‘प्रासंगिक करारा’वर बस देते. गोव्याहून बाटली आणायची तर महाराष्ट्राच्या हद्दीत परवाना लागतो. आणि विमानाने नागपूरला उतरून मोटारीने अमरावतीला यायचे असेल, तर महामार्ग कारंजा (घाडगे), तळेगाव असा वर्धा जिल्ह्यातून जातो. तिथे दारूबंदी आहे. आसनाखालची बाटली त्या हद्दीत गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते.

१६/ परतीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असेल, तर वाहन चालवणे गुन्हा आहे. ‘थोडेसेच चाखले’ ही सबब तिथे चालत नाही. म्हणून चालक गटाबाहेरचा, पगारी आणि न पिणारा असावा. त्याच्या जेवणाची व झोपेची सोय आधी ठरवावी. रात्रीचा घाट त्याला आपल्यासाठी पार करायचा असतो. गटात न पिणारा कोणी असल्यास त्याला आग्रह होऊ नये. बारशाच्या त्या पंगतीपासून निदान एवढे शिकता येईल.

१७/ सारांश. पायवाटेने भट्टीला जाणारा गिऱ्हाईक, पास घेऊन निघालेली पिंपाची गाडी, फुलांची टोपली लपवून नेणारी कोरकू बाई आणि वातानुकूलित बसमधली आपली मंडळी, हे सारे एकाच रस्त्याचे प्रवासी आहेत. त्यांतल्या कोणाला अडवायचे आणि कोणाला वाट मोकळी करून द्यायची, हे प्रत्येक काळातल्या सत्तेने ठरवले. पुढच्या वेळी टेस्टिंगच्या मेजावर पेला हाती येईल तेव्हा पहिल्या धारेचे मडके आठवा, आणि दापुऱ्याला आईचे बोट धरून चालत गेलेला तो पोरका मुलगाही आठवा. धागा समाप्त.