स्टॉक्टन, जॉन
(२६ मार्च १९६२). अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉलपटू. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे जन्म. महाविद्यालयीन खेळही त्याच शहरातील गोंझागा विद्यापीठाकडून. १९८४ मध्ये यूटा जॅझने त्याला १६ व्या क्रमांकावर निवडले आणि २००३ मध्ये निवृत्त होईपर्यंत हा पॉइंट गार्ड (संघाच्या चाली रचणारा खेळाडू) तिथेच राहिला. १९९२ व १९९६ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक, २००९ मध्ये हॉल ऑफ फेम. एनबीएमध्ये त्याच्या नावावर १५,८०६ असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास) आहेत. हा विक्रम आजही अबाधित आहे.

हा विक्रम नुसत्या टिकाऊपणाचा आहे, असे म्हटले जाते. त्यात थोडे तथ्य आहे : १९ हंगामांतील १,५२६ पैकी १,५०४ सामने तो खेळला. पण टिकाऊपणाने किती मिळते, याचे माप जेसन किड या दुसऱ्या पॉइंट गार्डकडे आहे. तोही १९ हंगाम खेळला. १,३९१ सामने, १२,०९१ असिस्ट, सामन्यामागे ८.७. उरलेले ११३ सामने त्याला त्याच सरासरीने बहाल केले, तरी हजारभरही भर पडत नाही आणि अडीच हजारांहून मोठी दरी उरतेच. स्टॉक्टनची सरासरी १०.५ होती, आणि १९८७-८८ पासून सलग नऊ हंगाम असिस्टमध्ये तो पहिला होता. मॅजिक जॉन्सनची ११.२ ही सरासरी सरस, हे मान्यच. मात्र ती ९०६ सामन्यांची आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : पास कितीही नेमका असो, तो बास्केटमध्ये घालायला जॅझमधला सहकारी कार्ल मलोन होता. प्रशिक्षक जेरी स्लोन यांच्या संघात मलोन स्टॉक्टनमागच्या बचावपटूची वाट अडवी आणि लगेच वळून बास्केटकडे धावे. या पिक-अँड-रोलमध्ये कोणी कोणाला धरायचे, या घोळात पास सुटे. युक्ती सर्वांना पाठ होती, तरी ती मोडता येत नसे. कारण मलोनकडे दोघे धावले, तर स्टॉक्टन स्वतःच नेम साधी. त्याच्या ५१.५ टक्के फेकी बास्केटमध्ये गेल्या, आणि सहा फूट एक इंचाच्या गार्डला हे प्रमाण विलक्षणच. तेव्हा ऋण होते, पण दुतर्फा. अजिंक्यपद दोघांनाही मिळाले नाही. १९९७ व १९९८ च्या अंतिम मालिकांत शिकागो बुल्सच जिंकले. १९९७ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी तीन गुणांची फेक मारून जॅझला पहिल्यांदा अंतिम मालिकेत नेले ते स्टॉक्टनने. त्या वेळी रॉकेट्सच्या क्लाइड ड्रेक्सलरला जवळजवळ मिठी मारून अडवून धरले होते मलोनने.