तुळई, कौल आणि शकाचा दगड : शहराच्या बारीक खुणांची छायाचित्रे

इंदूरच्या राजवाड्याचा फोटो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सापडेल. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. पण त्याच राजवाड्यापासून पाच-दहा मिनिटांवर असलेल्या आपल्या आजोबांच्या घराचा फोटो मागा. दाराची चौकट, जोत्याचा दगड, ओसरीचे खांब यांपैकी काय मिळतं? लग्नाच्या आल्बममध्ये वरातीच्या मागे अर्धवट दिसेल तेवढंच.

नोकरीच्या निमित्तानं आणि पुढे हौसेनं मी इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव आणि पणजी इथल्या जुन्या वस्त्यांत फिरून असे फोटो काढत आलो आहे. मी स्थापत्य अभियंता. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, जे काही शिकलो ते वाचून आणि भिंतींकडे बघून. या टिपणात मला एवढंच मांडायचं आहे, की घराच्या बारीक खुणेचा नीट काढलेला फोटो हा दफ्तरातल्या कागदाइतकाच पुरावा असतो. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी घराण्यांना तर त्याची गरज जास्त आहे. कागद मोडीत, मोडी वाचणारे थोडे, आणि वाटणीत दफ्तर कुणाकडे गेलं हे पुष्कळांना माहीत नसतं. घर मात्र अजून तिथं उभं असतं. निदान काही ठिकाणी तरी.

आधी कुणी काय टिपलं

आपल्या भागातल्या छायाचित्रणाची सुरुवात एका इंजिनिअरच्या हातून झाली, याचं मला कौतुक वाटतं. लाला दीनदयाळ, म्हणजेच पुढचे राजा दीनदयाळ, यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुडकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात. १८६६ मध्ये ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि कॅमेरा त्यांनी इंदुरातच हातात घेतला. सर लेपेल ग्रिफिन यांचा मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचा ग्रंथ १८८६ साली निघाला, त्यातले फोटो दीनदयाळांचे. नंतर ते हैदराबादला सहाव्या निजामाच्या पदरी गेले, सिकंदराबादला आणि मुंबईला त्यांचे स्टुडिओ झाले, आणि १९०५ साली ते वारले.

त्यांचे फोटो बघताना नक्षा काढणाऱ्याचा हात जाणवतो. उभ्या रेषा उभ्या असतात आणि इमारतीचा कोपरा कुठंही कलत नाही. पण त्यांना काम देणारे एजंट, संस्थानिक आणि निजाम. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर आले ते किल्ले, देवळं, राजवाडे, दरबार आणि शिकारी. मल्हारगंजातल्या कारकुनाच्या घराचा फोटो काढायला त्यांना कुणी पैसे देणार नव्हतं.

याच्या उलट उदाहरण पॅरिसचं. यूजेन आत्जे नावाचा माणूस १८९० च्या दशकापासून १९२७ मध्ये मरेपर्यंत जुन्या पॅरिसमधली दारं, दारावरच्या कड्या, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या पाट्या आणि मागची अंगणं टिपत राहिला. आपण चित्रकारांना लागणारे दस्तऐवज पुरवतो, असं तो म्हणायचा. १९२० साली त्यानं अडीच हजारांहून अधिक काचा फ्रेंच सरकारला विकल्या. पुढे इमारती गेल्या, काचा राहिल्या.

आपल्याकडे निराळ्या वाटेनं असंच बघणारा माणूस येऊन गेला, तो म्हणजे पॅट्रिक गेडिस. वडोद्यावरचा त्याचा अहवाल १९१६ चा, इंदूरवरचा १९१८ चा. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखण्याआधी गल्ली पायी फिरा, घर न् घर बघा, आणि पाडायचं तर कमीत कमी पाडा, असं त्याचं सांगणं होतं. माझ्या पिशवीत मोबाईल आणि मापपट्टी असते, पण पद्धत त्याचीच आहे.

लोखंडावरची अक्षरं

पहिली खूण माझ्या धंद्यातली. जुन्या घराच्या सज्जाखाली किंवा दुकानाच्या पोटमाळ्याखाली लोखंडी तुळई दिसली, की मी मान वर करून तिच्या उभ्या पत्र्यावरची उठावदार अक्षरं शोधतो. कारखान्याचं नाव लोखंड लाटतानाच त्यावर उमटवायची पद्धत होती. इंग्लंडातल्या डॉर्मन लाँगचं नाव पुष्कळ भेटतं. ही कंपनी १८७० च्या दशकातली, म्हणजे तुळई त्याच्या आधीची असू शकत नाही. टाटांचं नाव असेल तर ती १९१२ नंतरची, कारण जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं ते त्या वर्षी.

तुळईच्या जागी रेल्वेचा रूळ वापरलेला असेल तर आणखी बरं. रुळाच्या अंगावर कारखान्याबरोबर वर्षही असतं, काही वेळा महिनासुद्धा. इंदूरला रूळ आले ते होळकर स्टेट रेल्वेमुळे. तुकोजीराव दुसरे यांनी त्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते, आणि खंडव्याहून इंदूरपर्यंतचा मीटरगेज मार्ग १८७० च्या दशकात झाला. वडोद्याला गायकवाडांची रेल्वे अडीच फुटी, ग्वाल्हेरची दोन फुटी. या छोट्या गाड्यांचे रूळ हलके आणि अरुंद. म्हणून रुळाच्या डोक्याची रुंदी मोजून ठेवावी. तो कुठल्या मार्गावरून निघाला असेल याचा तर्क त्यावरून करता येतो.

मात्र इथं एक पथ्य पाळायचं. खूण त्या वस्तूचं वय सांगते, घराचं नाही. रूळ आधी वीस-तीस वर्षं गाडीखाली झिजतो आणि मग भंगारातून घरात येतो. घराचा तो भाग त्या वर्षानंतरचा, एवढंच आपण खात्रीनं म्हणू शकतो.

कौलं आणि शिंपले

गोवा आणि बेळगाव भागात हेच काम मंगलोरी कौलं करतात. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ साली. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि कौलांवरचं नावही बदललं. त्यामुळे मिशनचं नाव असलेलं कौल युद्धकाळाच्या अलीकडचं सहसा नसतं. कौलाची पाठ बघायची तर छपरावर चढायची गरज नाही. घर शाकारताना फुटकी कौलं परसात रचून ठेवलेली असतात, तिथं फोटो काढावा.

गोव्यातल्या शिंपल्याच्या खिडक्यांचे फोटो सगळे बाहेरून काढतात. मी आतून काढतो. उजेड आरपार येतो आणि प्रत्येक शिंपल्याची कड दिसते. शिंपला जेवढा मोठा मिळेल तेवढंच चौकटीतलं घर मोठं करता येतं, म्हणून त्या जाळीचं माप सुतारानं नाही, समुद्रानं ठरवलेलं असतं. एका घराची जाळी मोजून शेजारच्या घराच्या जाळीशी ताडून बघा.

शक की संवत?

आता सगळ्यात महत्त्वाची खूण, दारावरचा किंवा जोत्यातला वर्षाचा दगड. माळव्यात आणि गुजरातेत व्यवहारात विक्रम संवत चालतो. दख्खनेतून आलेली आपली माणसं शक लिहायची. त्यामुळे संवताच्या गावात एखाद्या दगडावर शके दिसलं, की घर बांधणारा कुठून आला असावा याकडे ते बोट दाखवतं. दुसरा पुरावा जोडीला लागतोच, पण सुरुवात तिथून होते.

शकात ७८ मिळवले, संवतातून ५७ वजा केले, की इसवी सन येतो. शके १७९५ आणि संवत १९३०, दोन्ही १८७३ चे. पण महिना दिला असेल तर सांभाळा. आपल्या माळव्याकडचा संवत चैत्रात सुरू होतो, गुजरातचा कार्तिकात. म्हणजे ‘संवत १९३०, वैशाख’ हा दगड इंदुरात असेल तर तो १८७३ चा, आणि वडोद्यात गुजराती पद्धतीनं कोरला असेल तर १८७४ चा. नुसत्या अक्षरांचा फोटो असून दगड कुठल्या गावातला हे लिहिलेलं नसेल, तर हे वर्ष कधीच पक्कं होणार नाही. मी टिपणवहीचा एवढा आग्रह धरतो तो यासाठी.

पाट्याही असंच सांगतात. हैदराबादेतला सुलतान बाजार आपल्या लोकांच्या ओळखीचा. हा भाग १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून इंग्रज रेसिडेंटच्या अखत्यारीत होता, मग निजामाकडे परत गेला आणि नाव बदललं. जुन्या दुकानाच्या पाटीवर पत्त्यात ‘रेसिडेन्सी बाजार’ असेल तर तारीख तिथंच मिळाली. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्याआधी मुंबई इलाख्यात. तिथल्या शाळा-संस्थांच्या कोनशिला या नजरेनं वाचाव्यात, आणि पाटीवर कुठली लिपी वर, कुठली खाली, हेही टिपावं.

लाकडाचं काम जरा अवघड. त्यावर ना कारखान्याचं नाव असतं ना वर्ष. वडोद्याचा चारमजली तांबेकर वाडा बघायला लोक जातात ते भिंतींवरच्या चित्रांसाठी. ती बघावीतच. पण खांबाखालचे तळखडे, खांबावरचे हस्त, कडीपाटातल्या दोन कड्यांमधलं अंतर यांचेही फोटो घ्यावेत, आणि असेच फोटो पुण्या-सातार्‍याकडच्या वाड्यांचे जोडीला ठेवावेत. सुतार दख्खनेतला की गुजरातेतला, या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर अशा तुलनेतूनच मिळेल.

समजा, एखाद्या वाड्याच्या दारावर शके १७९५ आहे, मागच्या सज्जाखाली टाटांची तुळई आहे, आणि घरचे म्हणतात की वाडा दोनशे वर्षांचा. तीन फोटो शेजारी ठेवले तर कळतं, की पुढचं दार १८७३ च्या सुमाराचं आणि मागचा भाग १९१२ नंतर वाढवलेला. दोनशे वर्षांची आठवण खोटीच असेल असं नाही, कदाचित ती त्याच जागेवरच्या आधीच्या घराची असेल. पण आता नेमका प्रश्न हातात आला.

फोटो कसा घ्यावा

१. एका खुणेचे तीन फोटो : गल्ली, घर, मग खूण. नुसता जवळचा फोटो दोन वर्षांनी कुठला ते आठवत नाही.

२. जवळच्या फोटोत मापपट्टी हवीच. नसेल तर नाणं ठेवा, पण नेहमी तेच.

३. कोरलेली अक्षरं भर दुपारी वाचता येत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन बाजूनं येताना जा. सावलीतल्या दगडाला बॅटरी बाजूला, भिंतीलगत धरा. खडू किंवा तेल लावू नका, रंग खरवडू नका.

४. मोबाईलचं रुंद भिंग वापरू नका, कडा वाकतात. खुणेच्या समोर, तिच्याच उंचीवर कॅमेरा धरा.

५. तारीख, गाव, मोहल्ला, घराची कुठली बाजू, कितवा मजला आणि माहिती कुणी दिली, हे तिथंच उभं राहून लिहा.

६. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान होतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद जाते. मूळ फाईल द्या. प्रती तीन, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.

७. आधी विचारा. मापपट्टी दिसली, की लोकांना वाटतं घर मोजायला आलेत. “निगम से आए हो क्या?” हा प्रश्न मला इंदुरात दर चौथ्या दारात ऐकू येतो. बसून बोललं, काढलेला फोटो दाखवला, की चहा येतो आणि कधी जुना कागदही बाहेर निघतो. राहत्या घराचा पूर्ण पत्ता आणि कुटुंबाचं नाव मात्र जाहीर करू नये.

घाई कशासाठी

रस्ता रुंद करताना किंवा पुनर्बांधणीत घराचा नेमका कुठला भाग आधी जातो ते बघा. रस्त्यालगतचे पाच-दहा फूट. वर्षाचा दगड, चौकट, गणेशपट्टी, ओटा, सज्जा, दुकानाची पाटी, हे सगळं त्याच पाच-दहा फुटांत असतं. मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर राहतं, पण त्यावर काही लिहिलेलं नसतं. म्हणजे घर अर्धं उरलं तरी त्याची ओळख पटवणारा भाग गेलेला असतो. रस्ते रुंद होऊ नयेत असं मी म्हणत नाही, मी स्वतः ते काम केलेलं आहे. मार्किंगचा लाल रंग भिंतीवर लागला, की पाडकामाच्या आधी एक माणूस कॅमेरा घेऊन तिथं जावा, एवढंच म्हणतो.

सभासदांना माझी विनंती आहे, की यंदा पावसाळा संपल्यावर प्रत्येकानं आपल्या गावातली एकच गल्ली घ्यावी. शंभर-दीडशे मीटर पुरे. सुरुवात शक्य तर स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरापासून करावी, म्हणजे आत शिरायला अडचण नाही. शकाचे दगड, लोखंडावरची नावं आणि कौलांचे शिक्के या तीन खुणा आधी. इंदुरातल्या शकाच्या दगडांची यादी मी करतो आहे, ग्वाल्हेर आणि वडोद्याकडच्या मंडळींनी आपापली करावी. तीन गावांच्या याद्या शेजारी ठेवता आल्या, तर मराठी घरं कुठल्या मोहल्ल्यात कुठल्या दशकात उभी राहिली, याचा पहिला कच्चा तक्ता आपल्याला मांडता येईल.