कादंबरीतील गड आणि जमिनीवरील गड : अभ्याससहलींच्या निमित्ताने काही विचार

ऐतिहासिक कादंबरी वाचून त्या स्थळांच्या दर्शनास निघण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये व व्ही. शांताराम यांनी १९३३ मध्ये ‘सिंहगड’ हा चित्रपट काढला. आज सिंहगडावर मार्गदर्शक जे कथन करतो, त्यातील बराचसा भाग या परंपरेतून आलेला असतो. प्रस्तुत लेखात या कथनाचा इतिहासाध्यापनाच्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

कल्याणहून विद्यार्थ्यांना घेऊन सिंहगडावर गेले की एक गंमत हमखास घडते. ‘कल्याण दरवाजा’ हे नाव ऐकताच मुलांना तो आपल्याच गावचा वाटतो. वास्तविक गडाच्या पायथ्याशी असलेल्या कल्याण या खेड्यावरून ते नाव पडले आहे. परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. १६७० च्या लढाईचे वर्णन याच दरवाजासमोर उभे राहून केले जाते. आणि त्यावरील शिलालेखात शके १६७२, म्हणजे इ. स. १७५० चे सुमार, व पेशवे बाळाजी बाजीराव यांचा उल्लेख आहे. मार्गदर्शक शिलालेखाकडे पाठ करून बोलत असतो. मुलांचेही लक्ष तिकडे जात नाही.

गडाच्या नावाबाबतही तेच. तानाजी मालुसरे यांच्या मृत्यूनंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही समजूत कादंबरीच्या शीर्षकाने घरोघर पोहोचविली. १६६३ सालच्या शिवाजी महाराजांच्या पत्रात मात्र ‘सिंहगड’ हे नाव आढळते. उदेभान आणि कमलकुमारी यांचे कथानकही कादंबरीकाराच्या प्रतिभेचे. याचा दोष आपट्यांना देता येणार नाही. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची. आपट्यांपुढे साधने थोडी होती आणि ते कादंबरी लिहीत होते. आपल्यापुढे साधने आहेत, आणि आपण इतिहास शिकवितो.

तथापि कादंबरी वर्ज्य करावी, असे प्रस्तुत लेखिकेचे मत नाही. तानाजीचे नाव नसते तर पहाटेची गाडी पकडून किती मुले आली असती, याविषयी शंकाच आहे. कल्याणचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. लगोलग या खाडीत आरमारी जहाजांची बांधणी सुरू झाली. त्या कामावरील रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज कारागिराला व त्याच्या माणसांना १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी परत बोलावून घेतले. एवढे नाट्य दुर्गाडीच्या पायथ्याशी घडले. पण ते लोकांच्या तोंडी नाही. तेथे सांगितली जाते ती कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा, जिला समकालीन साधनांत आधार सापडत नाही.

गेल्या सहलीत आम्ही क्रम बदलला. प्रथम शिलालेख वाचावयास लावला, मग कादंबरीतील प्रसंग सांगितला. एका विद्यार्थिनीने विचारले, “मग मॅडम, सूर्याजी आला तो दरवाजा कुठे होता?” परतीच्या गाडीत कर्जत येईपर्यंत त्यावरच वाद चालला होता.