बाळागोळी आणि अंगठ्याचा भाव

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांतून आगबोटीने मुंबईला गेलेला एखादा चाकरमानी आपल्यापैकी बहुतेकींच्या घराण्यात सापडेल. तेव्हा आपला मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडे; सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1 मे 1981 रोजी. गिरणगावात या जिल्ह्याची माणसे सर्वांत जास्त. त्यांच्या संपांविषयी आणि मनीऑर्डरींविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही बोलणार आहोत त्यांच्या दुखण्याविषयी. काम करताना जे दुखले त्याची भरपाई कोणी दिली, आणि ते दुखणे गप्प कशाने केले?

1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. त्याआधी यंत्रात हात सापडला तर बहुतेक सगळे मालकाच्या मर्जीवर असे. या कायद्याला एक तक्ता जोडला होता. उजवा हात कोपरापासून गेला, तर माणसाची कमाईची ताकद शेकडा 70 ने घटली असे धरायचे. एक डोळा गेला तर 30, अंगठा 25, अंगठ्याजवळचे बोट 10, बाकीचे कोणतेही बोट 5. मासळीबाजारात वाटे मांडावेत तसा हा शरीराचा हिशेब! तरीही हा कायदा मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. मजूर जखमी झाला तर ते मालकाचे देणे आहे, ही गोष्ट त्याने पहिल्यांदा कागदावर आणली.

पण कागदावर काय नव्हते तेही पाहू. दुखापतीमुळे दहा दिवसांहून जास्त काळ काम बंद राहिले तरच भरपाई, तीही साधारण अर्ध्या पगाराएवढी. औषधपाण्याचा खर्च मालकाने द्यावा, असे त्यात नव्हते. वेदनेला तर तक्त्यात रकानाच नव्हता. तुटलेले बोट मोजता येते. रात्रभर ठणकणारा हात मोजायचा कसा? मग तो जखमी गडी काय करी? गावाकडची बोट धरी. गिरणीचा दवाखाना, विश्रांतिगृह आणि म्हातारपणाचे पेन्शन, हे सगळे म्हणजे कोकणातले घर. लेप लावणे, शेकणे, पेज भरवणे ही घरच्या बाईची पाळी. तिची हजेरी कोणत्याच मस्टरवर लागत नव्हती.

कायद्यात अफूचा संबंध येतो तो एकाच ठिकाणी, तोही मालकाच्या बाजूने. अपघात होताना मजूर दारूच्या किंवा अमली द्रव्याच्या अमलाखाली असेल आणि अपघात त्यामुळेच झाला असेल, तर भरपाई नाही. आता अफू तेव्हा कुठे मिळे? सरकारी परवान्याच्या दुकानात. 1878 च्या कायद्याने तिचा व्यापार सरकारच्या ताब्यात होता आणि उत्पन्न तिजोरीत जात होते. 1893 साली नेमलेल्या अफू कमिशनपुढे लोकांनी सांगितले की खोकला, हगवण, सांधेदुखी, थकवा यांवर ती घरोघरी घेतात. कमिशनने मोठी बंदी सुचवली नाही. म्हणजे विकणारे सरकार, कायदा करणारेही सरकार, आणि घेऊन कामावर गेला तर गुन्हेगार मजूर.

बायकांची गोष्ट याहून कठीण. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत हजारो बायका होत्या. 1922 च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाचे काम अकरा तासांवर आणले, हीच तेव्हा सुधारणा! तान्हे मूल कुठे ठेवायचे? मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. 1922 साली छापलेल्या त्यांच्या अहवालात आकडा आहे: कामकरी बायकांच्या शंभर तान्ह्या मुलांपैकी 98 मुलांना अफू दिली जात होती. तिला नाव होते बाळागोळी. लहानशी गोळी चाटवली की मूल झोपे. पण अफू झोपेबरोबर भूकही मारते. मूल दूध मागत नाही, पोट साफ होत नाही, श्वास मंदावतो. मूल शांत आहे असे वाटते, आणि ते सुकत चाललेले असते.

अडाणीपणा म्हणून याची बोळवण करणारे तेव्हाही होते. आम्हाला ते पटत नाही. रडणारे मूल खात्यात नेता येत नव्हते आणि खाडा झाला तर पगार कापला जाई. ती गोळी आईच्या हातून जाई, पण भोंग्याच्या हुकमाने. ना. म. जोशी यांनी 1924 साली दिल्लीच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मांडले, ते नामंजूर झाले. मुंबई इलाख्यात मात्र 1928 साली तसेच विधेयक आले, डॉ. आंबेडकरांनी त्याला कौन्सिलात पाठिंबा दिला आणि 1929 साली देशातला असा पहिला कायदा झाला. बाळंतिणीला थोडे आठवडे पगाराऐवजी भत्ता मिळू लागला.

पुढे अफूवर बंधने आली, 1930 साली आणि मग 1985 साली फारच कडक. ती हवीच होती. पण अफूपासूनच मॉर्फिन होते, आणि कॅन्सरच्या असह्य वेदनेवर ते लागते. परवान्यांच्या जंजाळाने इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. ही गाठ सैल झाली 2014 च्या दुरुस्तीने. अमेरिकेत उलटे झाले. तिथे कामावर पाठ धरलेल्यांना विम्याच्या पैशाने अफूच्या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षे दिल्या गेल्या. वॉशिंग्टन राज्यात 1996 ते 2002 या काळातल्या भरपाईच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या गोळ्यांमुळे नक्की किंवा बहुधा मेलेले 32 कामगार सापडले. आले होते पाठदुखी घेऊन.

आणि आपल्याकडे? काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून कंबर जाते, तेलाने बोटे भाजतात. आपण औषधाच्या दुकानात जाऊन ‘दुखण्याची गोळी द्या’ म्हणतो. त्यांतली ट्रॅमाडॉल ही अफूच्याच जातीची. 2018 पासून तिच्यावरही अमली द्रव्यांच्या कायद्याची नजर आहे. ती घेऊन गुंगी येते. नुकसानभरपाईच्या कायद्यातले ते जुने कलम 2010 च्या दुरुस्तीनंतरही राहिले. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ती सबब चालत नाही, एरवी चालते. आणि डॉक्टरने दिलेली गोळी वेगळी, असे त्यात लिहिलेले नाही. त्याच दुरुस्तीने कामावरच्या दुखापतीचा औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा, हेही आले, सत्त्याऐंशी वर्षांनी. त्यासाठी लागते डॉक्टरची चिठ्ठी आणि दुकानाचे बिल. नुसती मागून घेतलेली गोळी यातल्या कोणत्याच कागदावर येत नाही.