रेशमी मोज्यांतील वीज

हिवाळ्याच्या कोरड्या रात्रीं रेशमी मुकटा सोडतांना किंवा लोकरीचा सदरा अंगांतून काढतांना बारीक तडतड ऐकूं येते, अंधारांत ठिणगी चमकते, आणि वस्त्र अंगाला असें चिकटतें कीं झटकूनही सुटत नाहीं. आमच्या देशावरील घरांतून हा अनुभव कोणास नाहीं? क्षुल्लक त्रास म्हणून आपण तो विसरून जातों. परंतु ह्याच त्रासापाशीं एक गृहस्थ एकदां थांबला, आणि त्यामुळें विद्युच्छास्त्राच्या इतिहासांत एक मनोरंजक प्रकरण घडलें. तें आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

रॉबर्ट सिमर हा मूळचा स्कॉटिश. लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद. त्याच्या पायांत एकावर एक असे दोन रेशमी मोजे असत, एक काळा व एक पांढरा. दोन्ही एकत्र काढले असतां फारसें कांहीं दिसत नसे. पण एकांतून दुसरा ओढून वेगळा करतांच दोन्ही फुगत आणि त्यांस पायाचा पुरा आकार येई. कांहीं अंतरावर धरले तरी ते एकमेकांकडे धांव घेत व भेटतांच चपटे होऊन बिलगत. उलट, दोन पांढरे किंवा दोन काळे समोरासमोर आणले, तर ते परस्परांस दूर लोटीत. ही मिठी किती घट्ट, हें सिमरनें वजनें लावून मोजलें. मोज्यांतील विजेनें लेडनची बरणीही भारून दाखविली. १७५९ सालीं हे सर्व प्रयोग त्यानें सोसायटीपुढें मांडले.

त्या काळीं बेंजामिन फ्रँक्लिनचें मत प्रबळ होतें. वीज हा एकच द्रव. तो कोठें अधिक झाला व कोठें उणा पडला, म्हणजे विजेचे चमत्कार दिसतात, असें तो म्हणे. सिमरला हें पटेना. काळा मोजा पांढऱ्याइतकाच जोरानें ओढतो, मग एकाच्या ठायीं नुसता अभाव कसा मानावा? म्हणून त्यानें प्रतिपादिलें कीं विजेच्या शक्ति दोन आहेत; त्या समतोल असल्या म्हणजे एकत्र काढलेल्या मोज्यांप्रमाणें गुप्त राहतात. मोजे काढून शास्त्र सांगणाऱ्या ह्या गृहस्थास लोकांनीं 'अनवाणी तत्त्वज्ञ' असें थट्टेचें नांव दिलें. पॅरिसच्या नोलेनें मात्र त्याच्या प्रयोगांची दखल घेतली. सिमर १७६३ सालीं वारला.

मग खरा कोण? १८९७ सालीं जे. जे. टॉमसननें ऋण विद्युत्कण दाखवून दिला. घर्षणानें वा स्पर्शानें हे कण एका वस्त्रावरून दुसऱ्यावर जातात हें खरें, आणि तेवढ्यापुरता फ्रँक्लिन जिंकला. पण अणूच्या पोटांत धन व ऋण दोन्ही प्रभार वास्तव आहेत, हेंही पुढें सिद्ध झालें. तेथें सिमरची बाजू राहिली. दोघांच्याही पदरीं अर्धें अर्धें सत्य पडलें.

आतां उपाय. सांठलेल्या विजेला वाट हवी, आणि ती वाट पाणी देतें. म्हणूनच कोंकणच्या दमट हवेंत हा त्रास फारसा जाणवत नाहीं. सुती कापड ओल धरतें. १९३८ सालीं जाहीर झालेलें नायलॉन आणि त्यामागून आलेलें पॉलिएस्टर फारच थोडी ओल धरतात, म्हणून तीं अधिक बिलगतात. पातळ चिकटलें तर ओलसर हात फिरवावा, आंत सुती परकर नेसावा, कपडे यंत्रांत वाजवीपेक्षां अधिक कोरडे करूं नयेत. धुतांना घालण्याचीं मृदुकारक द्रव्येंही हेंच करतात: धाग्यावर ओल धरणारा सूक्ष्म थर चढवितात व घर्षण कमी करतात.

उपाय एवढा सोपा आहे. पण तो कां लागू पडतो, हें कळण्यास शतकें लागलीं. रात्रीं मोजे काढून फेकून देणारे लंडनांत हजारों होते. ते हातांत धरून पाहत बसलेल्या एकाची ही कथा आहे, आणि त्याला हंसणाऱ्यांपेक्षां तोच आम्हांस अधिक शहाणा वाटतो.